जोम

मी मेळघाटची. आमच्या कोरकू भाषेत ‘जोम’ म्हणजे जेवणं. पहिलीत असताना गुरुजी म्हणाले, “कविता जोमानं म्हणा!” मला वाटलं, जेवायला बोलावलं. मी ताटली घेऊन उठले. मोठी मुलं हसली. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात तोंडच उघडलं नाही. गुरुजींनी आईला सांगितलं, “पोरगी मंद आहे. घरी मराठी बोलत जा.” आईला मराठी येत नव्हती. त्या रात्री ती माझ्याशी बोललीच नाही.

खरं तर कोरकू मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. तेव्हा विदर्भाबरोबर मेळघाटही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्याच १९५६ साली राज्यघटनेत कलम ३५०-क आलं: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. माझ्या आईला हे कोणी सांगितलंच नाही. २००३च्या घटनादुरुस्तीनं संथाली आठव्या अनुसूचीत गेली. २०११च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी कोरकू मातृभाषा नोंदवली, तरी ती अजून बाहेरच आहे.

आज गटाच्या बैठकीत मी ठराव मराठीत वाचते, मग कोरकूत सांगते. तेव्हा मागं बसलेल्या बायका व्याजाचा हिशेब विचारू लागतात. त्या मंद नव्हत्याच. म्हणून सांगते, शाळेत मूल गप्प बसलं तर आधी विचारा, त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात?