सांगलीचा खजिना आणि मराठी रंगभूमी

दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. परंतु १८४३ साली त्या दिवशी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले ते तिकिटांच्या उत्पन्नावर नव्हे, तर संस्थानच्या आश्रयावर, याचे स्मरण त्या दिवशीच्या भाषणांत क्वचितच होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तशाच धर्तीचे नाटक मराठीत रचण्याची आज्ञा केली आणि आज्ञेमागे दरबारचे बळही उभे केले. कारण जिचा प्रेक्षकवर्गच अद्याप जन्माला आलेला नाही, अशा कलेला पहिला पैसा बाजार देत नसतो. मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती, आरोळ्या ठोकीत रंगणात उतरणारे राक्षस, आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत असता त्यांची सारी पदे स्वतः गाणारा सूत्रधार, हा थाट वेष, साज आणि तालमींवाचून सिद्ध होत नाही. आणि तालमीला उभ्या राहणाऱ्या नटाला पोटाची निश्चिंती लागते.

१८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले आणि तो आश्रय सरला. भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले, १८५३ मध्ये मुंबईस त्यांचे खेळ झाले आणि नाटक सर्वतोमुखी झाले. राजाश्रयाला प्रतिकूल असणारे नेमका हाच दाखला पुढे करतील. पण बाहेर पडली ती मंडळी दरबाराच्या आठ वर्षांच्या पोषणाने घडलेली होती, हे कसे विसरावे? खरी उणीव निराळीच होती: सारी तजवीज एका रसिक पुरुषाच्या आयुष्याला बांधलेली होती.

ती उणीव बडोद्यास भरून निघाली. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली. १८९६ मध्ये मौलाबक्ष गेले, १९३९ मध्ये महाराज गेले, तरी शाळा चालूच राहिली आणि पुढे तेथील विद्यापीठात सामावली गेली, कारण ती कोणाच्या मर्जीवर नव्हे, तर संस्था म्हणून उभी होती.

आज खजिना लोकांचा आहे. म्हणून राज्य शासनाने व नगरपालिकांनी नाट्यगृहे, तालमीच्या जागा आणि कलाशाळा यांच्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद करावी, आणि तिचा विनियोग मंत्री बदलला तरी न बदलणाऱ्या, जाणकारांच्या मंडळाकडे सोपवावा, ही मागणी प्रत्येक रसिकाने आपल्या लोकप्रतिनिधीपुढे ठेवावी.