पंखांचा घोडा, अबू उमैरचा पक्षी आणि बॅटरीवरचं पिल्लू

क्रॉफर्ड मार्केटसमोरून अब्दुल रहमान स्ट्रीटमध्ये शिरलं की खेळण्यांच्या एखाद्या दुकानाबाहेर एक लोकरीचा कुत्रा चालताना दिसतो. चार पावलं, भू-भू, शेपूट हलवणं, पुन्हा चार पावलं. हा झाला स्वस्तातला. महागातली खेळणी आत असतात. कुठे डोक्यावर हात फिरवला की डोळे मिटणारी मांजर, कुठे टाळी वाजवली की मान वळवणारं पिल्लू. माझगावात लहान मुलांना शिकवताना पालक या खेळण्यांबद्दल मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न असा, "टीचर, असलं खेळणं घरात ठेवलेलं चालतं का? ते तसवीर, मूर्ती यात येतं का?" दुसरा बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमधून येतो, "रोबो हा आपलाच शोध ना? अल-जज़रीने आठशे वर्षांपूर्वी केला म्हणतात."

दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतिहासात आहेत. ती शोधताना एक तिसरा प्रश्न समोर येतो आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. हे खेळणं आपण खेळणं म्हणून घरात आणतोय, की जीव म्हणून?

आधी पहिला प्रश्न. सुनन अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एका मोहिमेवरून परत आले होते. वाऱ्याने पडदा हलला आणि हजरत आयेशा (र.) यांच्या बाहुल्या दिसल्या. त्यांच्यामध्ये चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. प्रेषितांनी विचारलं, हे काय? घोडा, असं उत्तर आलं. आणि त्याच्यावर हे काय? पंख. घोड्याला पंख असतात का, असं विचारल्यावर हजरत आयेशांनी उलट विचारलं, की हजरत सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का? यावर प्रेषित मनमोकळं हसले, इतकं की त्यांच्या दाढा दिसल्या.

चित्रं आणि मूर्तींबाबत कडक भूमिका घेणाऱ्या अनेक फकीहांनीही मुलांच्या खेळण्यांना सवलत दिली, ती अशाच हदीसींच्या आधारावर. काहींनी वेगळं मतही मांडलं आहे, तो वाद जुना आहे. मला त्या प्रसंगात लक्षात राहतो तो घोडा. तो चिंध्यांचा होता, हलत नव्हता, बोलत नव्हता. त्याला उडवायचं काम खेळणाऱ्याची कल्पना करत होती.

आता दुसरी हदीस, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली. हजरत अनस (र.) यांचा एक छोटा भाऊ होता, अबू उमैर. त्याच्याकडे चिमणीएवढा एक पक्षी होता, त्याच्याशी तो खेळायचा. पक्षी मेला आणि पोर उदास झालं. प्रेषित त्यांच्या घरी आले तेव्हा त्यांनी त्या मुलाशी त्याच्या पक्ष्याबद्दलच बोलणं काढलं. 'उमैर'ला 'नुग़ैर' हे यमक जुळवून विचारलं, की बाबा रे, तुझ्या त्या पाखराचं काय झालं? शाफई फकीह इब्न अल-क़ास्स यांनी पुढे या छोट्याशा प्रसंगावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि त्यातून साठ बोध काढले. लहान मुलाने पक्षी पाळायला हरकत नाही, हा त्यातलाच एक.

एकसष्टावा बोध काढायची माझी पात्रता नाही. पण शिक्षिका म्हणून एक गोष्ट दिसते. प्रेषितांनी त्या मुलाला दुसरा पक्षी आणून दिला, असं तिथे कुठे येत नाही. "एवढ्याशा पाखरासाठी काय रडतोस" असंही येत नाही. त्यांनी फक्त विचारपूस केली. चिंध्यांच्या घोड्याच्या वाट्याला हसू आलं आणि मेलेल्या पाखराच्या वाट्याला विचारपूस. खेळणं आणि जीव यांच्यातला फरक इथे आपोआप सांभाळला गेला आहे.

आता अभिमानाचा प्रश्न. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी, मुहम्मद, अहमद आणि हसन यांनी, 'किताब अल-हियल' लिहिलं. 'हियल' हे 'हीला'चं अनेकवचन. उर्दूत आपण 'हीले-बहाने' म्हणतो, तोच शब्द. आपल्याकडे तो सबबीपुरता उरला. त्या काळच्या अरबीत यंत्रातली युक्ती, थोडक्यात इंजिनिअरिंग, असाही त्याचा अर्थ होता. इ.स. ९१७ मध्ये बायझंटाइन राजदूत बगदादला आले तेव्हा खलिफा अल-मुक्तदिरच्या महालात त्यांना एक चांदीचं झाड दाखवलं गेलं. त्याच्या फांद्यांवर सोन्या-चांदीचे पक्षी बसलेले होते आणि ते गात होते.

यानंतर येतो अल-जज़री. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला हा कारागीर. त्याने १२०६ मध्ये पन्नास यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं. त्यातलं हत्तीचं घड्याळ प्रसिद्ध आहे. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी आणि तिच्यात बुडाला बारीक भोक असलेलं एक वाडगं. अर्ध्या तासात ते भरून बुडतं. बुडताना दोरी ओढली जाते, वरून एक गोळी सुटते, पक्षी फिरतो, गोळी सापाच्या तोंडात पडते, साप वाकतो आणि वाकताना वाडगं पुन्हा वर ओढून घेतो. माहूत हत्तीला टोला देतो. भोक पाडलेलं वाडगं मराठी वाचकाला नवं नाही. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त ज्या घटिकापात्रावर पाहत, त्याचंही तत्त्व हेच, फक्त ते चोवीस मिनिटांचं.

म्हणजे शोध 'आपला' का? अल-जज़री स्वतः तसं म्हणत नाही. तो बनू मूसांचा उल्लेख करतो, आर्किमिडीजच्या नावावर असलेल्या घड्याळाचा करतो. बनू मूसा ग्रीकांकडून शिकले होते. त्यांच्या आणि अल-जज़रीच्या मधल्या काळात, अकराव्या शतकात, धारच्या राजा भोजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात लाकडी पक्षी आणि नाचणाऱ्या बाहुल्याही आहेत. ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेलं आणि प्रत्येकाने त्यात भर घातली. फॉरवर्डमध्ये एवढं मावत नाही.

या परंपरेतला आपल्याला सर्वांत जवळचा नमुना टिपू सुलतानचा वाघ. लाकडाचा, जवळजवळ खऱ्या वाघाएवढा, गोऱ्या शिपायावर बसलेला. दांडा फिरवला की शिपायाचा हात हलतो, तो विव्हळतो आणि वाघ गुरगुरतो. पोटात भाते आणि छोटा ऑर्गन आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो लंडनला नेला. आज तो तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. माझगावकरांना हे नाव ओळखीचं वाटायला हवं. राणीच्या बागेला लागून असलेलं आपलं भायखळ्याचं म्युझियम १८७२ मध्ये उघडलं ते याच नावाने. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं.

या सगळ्या यंत्रांत एक गोष्ट सारखी आहे. ती मोठ्यांसाठी होती, दरबारासाठी होती. ती थक्क करत, काही घाबरवत. "माझ्यावर प्रेम कर" असं त्यांतलं एकही म्हणत नव्हतं. मुलांसाठी वेगळी दुनिया होती. विदर्भातला तान्हा पोळा घ्या. मोठ्यांच्या पोळ्याला खरा बैल सजतो आणि दुसऱ्या दिवशी मुलं चाकांवरचा लाकडी बैल ओढत घरोघर जातात. खरा बैल कुठला आणि खेळण्यातला कुठला, याबद्दल कुठल्याच मुलाचा घोटाळा होत नाही.

हा घोटाळा सुरू झाला गेल्या तीसेक वर्षांत. १९९६ मध्ये जपानच्या बांदाई कंपनीने तामागोची आणलं. अंड्याच्या आकाराच्या त्या छोट्या खेळण्यात पडद्यावर एक जीव असायचा. वेळेवर खायला दिलं नाही तर तो 'मरायचा'. १९९८ मध्ये अमेरिकेत फर्बी आलं. घुबडासारखं, केसाळ, आधी स्वतःच्या भाषेत बोलणारं आणि हळूहळू इंग्रजी 'शिकणारं'. प्रत्यक्षात ते काहीच शिकत नव्हतं. आत आधीच भरलेली वाक्यं ठरल्या क्रमाने बाहेर येत होती. डोळे, कान, तोंड हे सगळं एकच मोटर हलवायची, कॅमच्या जोरावर. फिरत्या दांड्यावर खुंट्या बसवून हालचाल घडवायची ही युक्ती अल-जज़रीच्या वाजंत्री बाहुल्यांतही होती. युक्ती तीच राहिली, मागणी बदलली. बाहुल्या म्हणत, बघ. फर्बी म्हणायचं, मला जवळ घे.

फ्रीडम बेअर्ड नावाच्या अमेरिकन संशोधिकेने एक साधी कसोटी सुचवली होती आणि पुढे तिकडच्या एका रेडिओ कार्यक्रमात ती मुलांवर करूनही पाहिली गेली. एक बार्बी, एक उंदरासारखा जिवंत प्राणी आणि एक फर्बी, तिघांना उलटं धरायचं. बार्बीला मुलांनी हात दुखेपर्यंत उलटं धरलं. जिवंत प्राण्याला लगेच सरळ केलं. फर्बी उलटं धरलं की घाबरल्याचं सांगतं. त्याला मुलांनी बार्बीच्या खूप आधी सरळ केलं. ते खेळणं आहे हे त्यांना माहीत होतं, तरी धरवेना. मुलांचं यात काहीच चुकलं नाही. त्यांच्यातली दया जागी झाली. प्रश्न असा, की त्या दयेचं पुढे काय होतं?

माझ्या वर्गात 'माझा आवडता प्राणी' या निबंधात एका मुलाने बॅटरीवरच्या कुत्र्याबद्दल लिहिलं, "तो जेवत नाही, घाण करत नाही, मरत नाही, म्हणून तो मला आवडतो." मी त्याचे गुण कापले नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे मांजर कुठे ठेवणार? दम्याचं मूल असेल तर तेही नाही. अशा यंत्रांचा उपयोगही आहे. जपानमध्ये तयार झालेला 'पारो' नावाचा यांत्रिक सील स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत करायला वापरतात. सोनीच्या 'आयबो' कुत्र्यांची दुरुस्ती बंद झाल्यावर जपानमधल्या एका देवळात त्यांच्यासाठी प्रार्थनाही झाल्या. ती माणसं खोटं रडत नव्हती.

पण बकरी ईद जवळ आली की आमच्या गल्लीत जे दिसतं, ते यंत्र देऊ शकत नाही. कंपाउंडमध्ये बकरे बांधले जातात. मुलं त्यांना पाला खाऊ घालतात, नावं ठेवतात, शाळेतून धावत येतात. आणि मग तो दिवस येतो. एका आईने मला सांगितलं, "पोरगा फार रडतो म्हणून यंदा हिस्सा बाहेरच घेतला आणि त्याला रोबो-पिल्लू आणून दिलं." हिस्सा कुठे घ्यायचा हा त्यांचा प्रश्न. मला अबू उमैर आठवला. जिवाशी नातं जोडलं की त्याचा आपल्यावर हक्क येतो. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी बाई शिक्षेला पात्र ठरली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, या हदीसी आपण मुलांना पाठ करायला लावतो. यंत्राचा असा कुठलाही हक्क नसतो. ते हक्क असल्याचा आवाज काढतं आणि बटण बंद केलं की गप्प बसतं. चार-पाच वर्षांचं मूल यातून शिकेल, की गरज ही बंद करता येणारी गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट, आता ही खेळणी इंटरनेटला जोडलेली असतात. २०१७ मध्ये 'क्लाउडपेट्स' नावाच्या मऊ प्राण्यांतून पालक आणि मुलांचे लाखो आवाजी निरोप उघड्यावर पडले. त्याच वर्षी जर्मनीने 'केला' नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. मुलांशी बोलणारा 'मिको' हा रोबो तर आपल्या मुंबईतल्याच कंपनीचा आहे, म्हणजे हा विषय आता परदेशातला उरलेला नाही. आपल्या २०२३च्या डेटा कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. ती देताना वाचून द्या. आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तोही बघून घ्या.

म्हणून पालकांना माझं उत्तर असं असतं. आणायचं तर आणा, पण खेळणं म्हणून आणा. "याला भूक लागलीय" असं आपण मोठ्यांनी म्हणू नये. बिघडलं की फेकून देण्याआधी स्क्रू काढून आतली मोटर आणि कॅम मुलाला दाखवा, अल-जज़रीचा खरा वारसा तिथे आहे. आणि खिडकीत चिमण्यांसाठी पाण्याचं एक वाडगं ठेवा, ते रोज भरायचं काम मुलाकडे द्या. एखाद्या दिवशी तो विसरेल. त्या दिवशी चिमणी आवाज करून आठवण देणार नाही, दुसरीकडे उडून जाईल. ते त्याच्या लक्षात राहील.