हैदराबादचा भिजका वसंत

हवामानाबद्दल कुरकुर करणे हा माणसाचा फार जुना छंद आहे आणि त्यात आपण गोमंतकीय कुणाला हार जाणारे नव्हेत. मार्चमध्ये उकडले तरी आपली कुरकुर, आणि शिगम्याच्या दिवसांत आभाळ भरून आले तरी कुरकुर. काजूचा मोहोर काळा पडणार, मानकुराद गळणार, अंगणात वाळत घातलेल्या सोलांना बुरशी येणार... आपली यादी तयारच असते. हैदराबादला जाणेयेणे वाढल्यावर माझ्या लक्षात आले की तिथली कुरकुर वेगळ्या जातीची आहे. फाल्गुन-चैत्रात दोन दिवस पाऊस पडला, हवा गार झाली, की हैदराबादचा शहरी माणूस खूश असतो. "मौसम सुहाना हो गया," म्हणतो आणि इराणी चहा प्यायला बाहेर पडतो. पण त्याच दिवशी काचीगुडा किंवा सुलतान बाजार भागातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात जा. तिथे नांदेडला, लातूरला, बिदरकडे फोन चाललेले असतात. "गारा पडल्या का? हरभरा काढला होता की रानातच होता?"

एकच पाऊस, पण एकाचा आनंद आणि दुसऱ्याचा घोर. दख्खनच्या भिजक्या वसंताचा इतिहास शोधू लागलो की हे दुहेरीपण पावलोपावली भेटते.

आधी वसंत या कल्पनेचेच पाहू. थंड, ओला, रेंगाळलेला वसंत ही तक्रार मुळात इंग्लंडची. तिथे हिवाळा संपता संपत नाही, म्हणून वसंताकडे डोळे लागतात आणि तो भिजत आला की लोक वैतागतात. आपल्याकडे वसंत म्हणजे पानगळ, पळस, आंब्याचा मोहोर आणि वाढते ऊन. त्यात पाऊस अपेक्षितच नसतो. हा फरक हैदराबादच्या एका कन्येला फार लवकर शिकावा लागला. सरोजिनी नायडू (तेव्हाच्या चट्टोपाध्याय) १८७९ साली हैदराबादेत जन्मल्या आणि १८९५ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. त्यांच्या सुरुवातीच्या कविता वाचून समीक्षक एडमंड गॉस यांनी त्यांना सल्ला दिला, की इंग्रजी पक्षी आणि इंग्रजी निसर्ग सोडा, आपल्या देशाबद्दल लिहा. हा किस्सा गॉसनी स्वतःच सरोजिनीबाईंच्या १९१२ च्या 'द बर्ड ऑफ टाइम' या संग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितला आहे. गंमत अशी की त्या संग्रहाच्या उपशीर्षकात जीवन आणि मृत्यू यांच्या जोडीला वसंतही आहे. म्हणजे सल्ला मानून त्यांनी वसंत सोडला नाही, तो दख्खनचा करून घेतला.

पण त्यांच्याही आधी तीनशे वर्षे हे काम एका सुलतानाने केले होते. १५९१ मध्ये हैदराबाद वसवणारा महंमद कुली कुतुबशहा (राज्यकाल १५८० ते १६१२) हा दखनी भाषेचा मोठा कवी. मोहिउद्दीन कादरी 'जोर' यांनी संपादित केलेले त्याचे समग्र काव्य १९४० मध्ये हैदराबादेत छापले गेले. त्यात बसंतावर कविता आहेत, 'थंडकाला' म्हणजे हिवाळ्यावर आहेत, आणि 'मिरगा'वरही आहेत. होय, मिरग! आपण गोव्यात ज्याला मिरग म्हणतो तोच, मृगशीर्ष नक्षत्राचा. इराणी वळणाच्या दरबारातला शिया सुलतान पावसाचे आगमन अरबी-फारसी शब्दाने नव्हे, तर आपल्या शेतकऱ्याच्या शब्दाने सांगतो, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

हा मिरग हैदराबादेत आजही जिवंत आहे. तेलुगू लोक त्याला मृगशिरा कार्ती म्हणतात आणि त्या दिवशी आवर्जून मासे खातात. बथिनी कुटुंबातर्फे दम्यासाठी दिला जाणारा 'मत्स्यप्रसाद'ही याच मुहूर्तावरचा. ही प्रथा १८४५ पासूनची सांगतात. जिवंत मुरेल माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळायचा. त्याच्या वैद्यकीय गुणाबद्दल डॉक्टरांनी शंका घेतल्या आहेत, पण मला इथे औषधापेक्षा मुहूर्त महत्त्वाचा वाटतो. मिरगाला चढणीचे मासे पकडायला ओहोळावर धावणाऱ्या आणि त्याआधी पुरुमेताचे सुके मासे भरून ठेवणाऱ्या गोंयकाराला हे नाते समजावून सांगायला नको.

मुद्दा असा, की कुतुबशाही ऋतुचक्रात प्रत्येक गोष्टीला जागा आहे. बसंतात रंग, मिरगात पाऊस, थंडकाल्यात थंडी. बसंतातल्या पावसाला मात्र या मांडणीत नावाची वेगळी खोली नाही. तेलुगूत त्याला 'अकाल वर्षम्' म्हणतात आणि गारांना 'वडगळ्ळू'. आपण म्हणतो अवकाळी. हिंदीत अकाल म्हणजे दुष्काळ, आणि तेलुगूत अकाल वर्षम् म्हणजे भलत्या वेळचा पाऊस. शब्द एकच, पण एका ठिकाणी पाणी नाही म्हणून रडणे आणि दुसऱ्या ठिकाणी पाणी आले म्हणून! मराठीत वळीव आणि अवकाळी असा भेदही आपण करतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या तापीनंतर गडगडत येणारा तो वळीव. तो ओळखीचा, जमीन मऊ करणारा. रब्बीचे पीक रानात किंवा खळ्यावर असताना येतो तो अवकाळी. पाऊस तोच असेल, पण पिकाची अवस्था त्याचे नाव ठरवते.

राज्यकर्त्यांनाही पिकाची ही अवस्था विसरून चालत नव्हते. हिजरी वर्ष चांद्र, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकणारे. त्यावर सारावसुली बांधली तर काही वर्षांनी पीक उभे असतानाच सारा मागायची वेळ येईल. म्हणून फसली वर्ष आले. फसल म्हणजे पीक. निजामाच्या राज्यात हे फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्याने सुरू होई आणि पुढच्या महिन्यांची नावेही इराणी असत: दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहिश्त... इराणमध्ये फरवर्दीन म्हणजे नवरोज, वसंताचा पहिला महिना. हैदराबादच्या फसलीत तोच फरवर्दी साधारण फेब्रुवारीत येई. इराणच्या वसंताचे नाव दख्खनच्या हरभऱ्याच्या काढणीवर चिकटवलेले! मराठवाड्यातल्या जुन्या घरांत जमिनीचे कागद चाळले तर ही नावे आणि फसली सने भेटतात.

एका वैतागलेल्या माणसाची आठवण इथे काढलीच पाहिजे. १६८७ च्या आरंभी औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला. वेढा लवकर आटपेल असा अंदाज होता. तो सगळा वसंत, सगळा उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा चालला. आदल्या वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे धान्य आधीच महाग होते. मग जूनमध्ये पाऊस असा कोसळला की मोर्च्यांचा चिखल झाला, नद्या फुगल्या आणि रसद अडली. शेवटी २१ सप्टेंबर १६८७ रोजी किल्ला पडला तो तोफांनी नव्हे, आतून फितुरीने दरवाजा उघडला गेला म्हणून. मोगल छावणीत तेव्हा नियामतखान आली हा फारसी लेखक होता. त्याने या वेढ्यावर 'वकाये' नावाचे उपहासाने भरलेले पुस्तक लिहिले. बादशहाच्या छावणीत बसून बादशहाच्याच मोहिमेची टर उडवायची, म्हणजे हिंमत पाहिजे.

या वेढ्याला एक गोव्याचा धागाही आहे. वेढ्याच्या सुरुवातीलाच औरंगजेबाने स्वतःचा मुलगा शहाआलम याला, कुतुबशहाशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून कैद केले. हाच शहाआलम १६८४ च्या जानेवारीत मोठी फौज घेऊन आपल्या डिचोलीपर्यंत आला होता. परतताना रामघाटाच्या बाजूला त्याच्या सैन्याचे उपासमारीने आणि रोगराईने अतोनात हाल झाले. दख्खनची आणि कोकणची हवा दिल्लीच्या फौजांना कधी मानवलीच नाही.

आता जरा हवेचेच शास्त्र पाहू, कारण नुसत्या कुरकुरीने काही कळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दख्खनचे पठार तापते. बंगालच्या उपसागराकडून दमट वारे आत येतात आणि वायव्येकडून कोरडे. हे दोन्ही जिथे भेटतात ती रेषा बहुधा विदर्भ, मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाच्या आतल्या भागातून उत्तर-दक्षिण जाते. त्याच वेळी उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंजावाताने वरच्या थरात थंड हवा आणली, की ढग दहा-दहा किलोमीटर उंच चढतात आणि त्यांतून गारा पडतात. म्हणजे हैदराबाद नेमके या भांडणाच्या बांधावर वसले आहे. तिथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. मार्चच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा येतो. पण तो थोडासुद्धा एका दुपारी पडला की पुरे.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, २०१४ मध्ये, महाराष्ट्रात झालेली गारपीट पुष्कळांना आठवत असेल. मराठवाड्यात गहू, हरभरा, ज्वारी झोपली, द्राक्षबागा फाटल्या, जनावरे आणि पक्षी मेले. गारांचे थर रानात साचले होते. हा मराठवाडा, म्हणजे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) हे तेव्हाचे पाच जिल्हे, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. राज्ये बदलली, पण वाऱ्याची ती रेषा कुठल्याही राज्यपुनर्रचना आयोगाला विचारत नाही.

पुढच्याच वर्षी, २०१५ च्या वसंतात, देशाच्या मोठ्या भागात पुन्हा अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. तेव्हा एप्रिलमध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. आधी निम्मे पीक गेले तरच मदत मिळे, ती मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली आणि मदतीची रक्कम दीडपट केली. कुरकुरीचे असे सरकारी नियमात रूपांतर क्वचितच होते! पण एक गोष्ट अजून खटकते. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, ढगफुटी आहे, थंडीची लाटही आहे. पण साधा अवकाळी पाऊस नाही. गारा न पडता चार दिवस नुसता रिमझिम पडून खळ्यावरची ज्वारी काळी पडली, तर शेतकऱ्याने कुठल्या रकान्यात नाव घालावे? राज्य सरकारांना आपापल्या पातळीवर तशी तजवीज करावी लागते.

इतिहासाचाही असाच रकान्यांचा प्रश्न आहे. २८ सप्टेंबर १९०८ चा मुसी नदीचा पूर हैदराबाद कधी विसरले नाही. हजारो माणसे गेली. अफजलगंजच्या ज्या चिंचेच्या झाडावर दीडशेच्या आसपास लोकांनी जीव वाचवला, ते झाड आजही दाखवतात. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्या आले, उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. त्या पुरावर पुस्तके आहेत, छायाचित्रे आहेत, स्मृतिदिन होतात. पण भिजल्या वसंतात ज्या घरांचे वर्षाचे धान्य गेले, त्यांचा स्मृतिदिन नसतो. एकदम हजार माणसे मेली तर इतिहास होतो; हजार घरे कर्जात गेली तर ती फक्त कुरकुर ठरते.

अलीकडे शहरालाही या पावसाचा थोडा चटका बसू लागला आहे. ३ एप्रिल २०२५ रोजी हैदराबादेत जोराचा पाऊस झाला आणि चारमिनारच्या एका मिनाराच्या गिलाव्याचा नक्षीदार तुकडा निखळून खाली पडला. सुदैवाने कुणाला लागले नाही. बातमी देशभर गेली. त्याच सुमाराला तेलंगणात खरेदी केंद्रांवर उघड्यावर पडलेला रब्बीचा भात भिजतो, ही बातमी मात्र जवळजवळ दरवर्षीची, म्हणून आतल्या पानावरची. त्याच वर्षी मान्सून केरळात २४ मे रोजीच पोचला, आपल्याकडे लगेच आला, आणि महिना संपायच्या आत तेलंगणातही. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभर इतक्या पावसाचा मे महिना झाला नव्हता. मिरगाला यायला अजून अवकाश होता आणि पाऊस दारात! महंमद कुलीने आपल्या कविता कशा क्रमाने लावल्या असत्या कोण जाणे.

उगादीला हैदराबादेत देवळादेवळांत पंचांगश्रवण होते, तसे आपल्याकडे पाडव्याला पंचांगवाचन. यंदाचा राजा कोण, मेघाधिपती कोण, पाऊस किती, हे सगळे गंभीरपणे सांगितले जाते. त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण त्यातली एक गोष्ट मला भावते. तिथे पावसाचा विचार पिकासकट होतो. मेघाधिपतीबरोबर सस्याधिपतीचेही नाव घेतले जाते. नुसती हवा छान आहे की वाईट, असा प्रश्न तिथे नसतो.

म्हणून मला वाटते, पुढच्या चैत्रात हैदराबादेत असा किंवा पणजीत, अवेळी गारवा आला तर चहाचा घोट जरूर घ्यावा. कुरकुरही मनसोक्त करावी. फक्त एकदा बिदर-नांदेडकडचा किंवा सत्तरीतल्या काजूबागेतला कुणी ओळखीचा असेल तर त्याला फोन करून विचारावे, काढणी झाली होती का म्हणून. खरी कुरकुर त्याच्याकडे असते आणि ती लिहून ठेवायला सहसा कुणी नसते.