उरलेला पतंगी कागद : उत्तरायणापासून आकाशकंदिलापर्यंत

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत १४ जानेवारीला एकाच वेळी दोन सण असतात. खाली स्वयंपाकघरात तिळगूळ आणि गुळपोळी, वर अगाशीवर पतंग आणि उंधियू. १५ तारखेला वासी उत्तरायणही संपते आणि १६ च्या सकाळी अगाशी झाडताना फाटलेल्या पतंगांचा ढीग निघतो. गेंडीगेटहून आणलेल्या कोऱ्या पतंगांपैकी दोन-चारांचे पोट प्रवासातच फाटलेले असते, तेही त्यात येतात. बहुतेक घरांत हा ढीग थेट कचऱ्यात जातो.

नऊ-दहा महिन्यांनी दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी आपण हाच कागद दुकानातून विकत आणतो, किंवा कागदाचा विचारच न करता तयार प्लास्टिकचा कंदील आणतो. उत्तरायणात उरलेला पतंगी कागद कसा गोळा करावा, कसा जपावा आणि वर्षभरात कोणकोणत्या कामी आणावा, याची माहिती या लेखात एकत्र केली आहे. कंदिलाची मापे मुद्दाम सविस्तर दिली आहेत. पूर्वी ती घरातल्या एखाद्या आजोबांच्या किंवा काकांच्या हातात असत, "एक वीत घे आणि बांध" एवढ्यावर काम चाले. ते हात थांबले की माप हरवते. म्हणून ते लिहून ठेवलेले बरे.

कोणता कागद चालतो

पतंगी कागद म्हणजे अतिशय पातळ, एका बाजूने किंचित चकाकणारा, उजेडासमोर धरला की पलीकडचे दिसावे असा रंगीत कागद. साड्यांच्या घड्यांत, चपला-बुटांच्या खोक्यांत आणि काचेच्या भांड्यांभोवती येणारा पांढरा पातळ कागदही याच जातीचा. तो सुरकुतलेला असला तरी वापरता येतो.

खालचे कागद मात्र वेगळे ठेवावेत.

- हात पुसायचे टिश्यू पेपर : हे मऊ आणि फुलणारे असतात. ताणून बसत नाहीत.
- जिलेटिन आणि चमकी कागद : यांना खळ धरत नाही.
- प्लास्टिकचे पतंग : हे कागदी कामात अजिबात घेऊ नयेत.

आधी मांजा, मग कागद

गोळा करण्याआधीचे काम मोठ्या माणसांचे आहे. प्रत्येक पतंगाचा किन्ना कात्रीने कापावा आणि त्याला राहिलेला मांजा हाताने न ओढता गुंडाळून घ्यावा. मांज्यावर काचेची पूड असते, मुलांच्या बोटांना तो लगेच कापतो. अगाशीच्या कठड्यावर, तारांवर आणि झाडांवर राहिलेल्या मांज्यात पक्षी अडकतात आणि हे सण संपल्यावरही कित्येक दिवस चालू राहते. म्हणून हाती लागेल तेवढा मांजा काढावा, त्याचे बारीक तुकडे करावेत, जुन्या वर्तमानपत्रात बांधावेत आणि मगच कचऱ्यात टाकावेत. विजेच्या तारांवरचा मांजा ओढायला जाऊ नये. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. तो सापडला तर पुन्हा वापरण्यासाठी ठेवू नये.

जखमी पक्षी दिसला तर स्वतः मांजा उपसू नये. उत्तरायणाच्या दिवसांत राज्य सरकारचे करुणा अभियान चालू असते, तिथे किंवा जवळच्या पक्षी-बचाव केंद्रावर कळवावे.

कागद आणि काड्या सोडवणे

पतंगात दोन काड्या असतात : उभी चपटी काडी, जिला गुजरातीत ढढ्ढो म्हणतात, आणि वाकवलेली कमान. दोन्ही काढून घ्याव्यात. ढढ्ढ्याची काडी कंदिलाच्या सांगाड्याला उपयोगी पडते. कमान बारीक आणि वाकलेली असल्याने सांगाड्याला चालत नाही. ती पताकांना, फुलांच्या देठांना ठेवावी.

काड्या ओढून काढल्या तर कागद फाटतो. काडीलगत दोन्ही बाजूंनी कात्री चालवावी. मग कागदाचे तीन गट करावेत : वीतभर चौकोन निघेल असे मोठे तुकडे, त्रिकोण किंवा पताका निघतील असे मधले तुकडे, आणि उरलेले कपटे. गुंदरपट्टी लावलेला भाग कापून कपट्यांत टाकावा, कारण उजेडासमोर ती काळी दिसते.

सुरकुत्या काढायच्या तर तुकडा दोन साध्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. वाफ आणि पाणी वापरू नये. स्वस्त पतंगी कागदाचा रंग ओल लागताच सुटतो, हातालाही लागतो आणि शेजारच्या कागदालाही.

दिवाळीपर्यंत जपणे

घडी घातली की त्या रेषेवर कागद पुढे फाटतो, म्हणून घडी न घालता गुंडाळावा. जुन्या कॅलेंडरची किंवा वर्तमानपत्राची नळी करून तिच्यावर एकेक रंग स्वतंत्र गुंडाळावा, पांढरा सर्वांत वेगळा. उन्हात रंग उडतो, म्हणून कपाट बंद असावे. पावसाळ्याची ओल आणि कसर हे दोन शत्रू. नळीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि पावसाळ्यात एखाद्या कोरड्या दिवशी गुंडाळ्या काढून वारा दाखवावा.

खळ

पतंगी कागदाला बाटलीतल्या गोंदापेक्षा मैद्याची खळ चांगली. ती वाळली की डाग दिसत नाही आणि कागद ताणून धरते.

दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवावा. एकूण एक कप पाणी होईल इतके पाणी घालावे आणि मंद आचेवर सतत ढवळत तीन-चार मिनिटे शिजवावे. पांढरेपणा जाऊन मिश्रण पारदर्शक दिसू लागले की खळ झाली. चिमूटभर तुरटी घातली तर ती लवकर आंबत नाही. पूर्ण गार झाल्यावरच वापरावी.

एक नियम लक्षात ठेवावा : खळ काडीला लावायची, कागदाला नाही. कागद खळीने भिजला की तो उचलतानाच फाटतो. खळ कमी लावली तर पुन्हा लावता येते, जास्त झाली तर कागद गेला.

कामट्यांचा आकाशकंदील

आपला जुन्या पद्धतीचा कंदील दिसायला अवघड वाटतो, पण तो म्हणजे सहा सारख्या चौकटी कोपऱ्याला कोपरा बांधून केलेला सांगाडा. चार चौकटी कोपऱ्यावर उभ्या, एक वर आड, एक खाली आड. त्यांच्यामध्ये आठ त्रिकोणी जागा आपोआप तयार होतात.

साहित्य : प्रत्येकी २१ सेंटीमीटरच्या २४ काड्या, आडवी बांधण्यासाठी ३० सेंटीमीटरची एक काडी, सुती दोरा, खळ, पतंगी कागद. ढढ्ढ्याच्या एका काडीतून बहुधा दोन तुकडे निघतात. म्हणजे साधारण १२ पतंगांच्या काड्या पुरतात. काड्या फार लवचीक असल्या तर दोन-दोन एकत्र बांधाव्यात किंवा बांबूच्या कामट्या आणाव्यात.

१. चार काड्या चौकोनात मांडून टोकांपासून अर्धा सेंटीमीटर आत दोऱ्याने बांधा. दोन गाठींमधले अंतर २० सेंटीमीटर राहील, म्हणजे मोठ्या माणसाची जवळपास एक वीत. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे, सुमारे २८ सेंटीमीटर, आले तर चौकट सरळ आहे. अशा सहा चौकटी करा.

२. त्यांपैकी चार चौकटींवर, त्या टेबलावर सपाट असतानाच, कागद चिकटवा. कागद २३ सेंटीमीटरचा चौकोन घ्या, चारही कोपरे थोडे कापा म्हणजे गाठी मोकळ्या राहतील, आणि कडा काड्यांवर दुमडा. पूर्ण वाळू द्या. वाळलेला कागद चौकट तिरकी होऊ देत नाही.

३. कागद न लावलेली एक चौकट टेबलावर ठेवा. तिच्या प्रत्येक कोपऱ्याला एकेका कागदी चौकटीचा एक कोपरा बांधा. चारही चौकटी उभ्या करून त्यांचे शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधा. वर राहिलेल्या चार टोकांना शेवटची चौकट बांधा. इथे दुसरा हात लागतोच, हे काम एकट्याचे नाही.

४. वरच्या चौकटीत ३० सेंटीमीटरची काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बांधा. टांगायची दोरी आणि दिव्याची वायर हिलाच येते.

५. आठ त्रिकोणी जागांवर कागद लावा. दुमडण्याची जागा धरून त्रिकोणाची बाजू सुमारे २५ सेंटीमीटर ठेवा. मधले तुकडे इथे खपतात.

६. वरची आणि खालची चौकट उघडी ठेवा. खालच्या चौकटीला चारही बाजूंनी झिरमिळ्या लावा.

तयार कंदील सुमारे २८ सेंटीमीटर उंच होतो. गाठी झाकण्यासाठी काही घरांत करंज्या लावतात : कागदाचा छोटा गोल तुकडा अर्धा दुमडायचा, घडी दाबायची नाही, फक्त कड चिकटवायची म्हणजे पोट फुगीर राहते.

दिवा फक्त एलईडी, ३ ते ५ वॉटचा, आणि तो मधोमध लोंबावा. पणती, मेणबत्ती किंवा जुना तारेचा बल्ब या कंदिलात कधीही ठेवू नये. हा कागद ठिणगीनेही पेट घेतो.

तुकडे जोडताना

पूर्ण चौकोन निघत नसेल तर दोन तुकडे अर्धा सेंटीमीटर एकमेकांवर चढवून जोडता येतात. दिवा लागला की तो जोड गडद रेघ होऊन दिसतो. लपवण्याचा प्रयत्न फुकट जातो, त्यापेक्षा तो कर्णावर किंवा मधोमध नीट सरळ घ्यावा, म्हणजे नक्षी वाटते.

रंगावर रंग चढवला की उजेडात तिसरा रंग मिळतो : पिवळ्यावर निळा हिरवा दिसतो, पिवळ्यावर लाल नारिंगी. लाल आणि निळा एकत्र केले तर मात्र उजेड जवळजवळ अडतो. मुलांना कात्री देण्याआधी हे खिडकीच्या काचेवर करून दाखवावे, तेवढ्यानेच त्यांचा अर्धा तास जातो.

उरलेल्या तुकड्यांची इतर कामे

झिरमिळ्या : कागद एका दिशेने सरळ फाटतो, आडव्या दिशेने वेडावाकडा. कोपरा फाडून पाहावा आणि ज्या दिशेने सरळ फाटतो त्याच दिशेने पट्ट्या कापाव्यात. अशा पट्ट्या सरळ लोंबतात आणि वाऱ्याने लवकर तुटत नाहीत.

पताका : गणपतीच्या मखरासाठी. दोऱ्यावर त्रिकोणाची वरची कड दुमडून खळ लावली की झाले. चौरंगाजवळ निरांजन असते, त्यामुळे पताका समईपासून आणि आरतीच्या जागेपासून दूर, उंचावर बांधाव्यात.

फुले : सहा ते आठ थर एकावर एक ठेवून पंख्यासारख्या घड्या घालाव्यात, मध्ये दोरा बांधून टोके गोल कापावीत आणि एकेक थर वर ओढावा. गौरींच्या आराशीला आणि हळदीकुंकवाच्या तबकाला शोभतात.

बरणीचा दिवा : रिकाम्या काचेच्या बरणीवर बाहेरून खळ लावून रंगीत तुकडे बसवावेत आणि आत एलईडीची माळ सोडावी. पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही जमते.

लगदा : अगदी बारीक कपटे रात्रभर पाण्यात भिजवून, पिळून, वाटून खळीत मळावेत. तेलाचा हात लावलेल्या वाटीवर थापून दोन-तीन दिवस वाळवले की हलकी वाटी निघते. रंग एकत्र होऊन लगदा मळकट होतो, म्हणून वरून रंगवावी. खाण्याचे पदार्थ तिच्यात ठेवू नयेत.

वर्षाचा क्रम

जानेवारीत गोळा करणे आणि गुंडाळून ठेवणे, मेच्या सुट्टीत फुले आणि बरण्या, श्रावणात पताका, नवरात्र संपल्यावर सांगाडा, आणि वसुबारसेपर्यंत कंदील दारावर. दिवाळी झाली की कागद काढून लगद्याला घ्यावा आणि सांगाडा जुन्या चादरीत बांधून माळ्यावर ठेवावा. नीट बांधलेला सांगाडा पुढच्या वर्षी पुन्हा चालतो, फक्त कागद बदलायचा.

उत्तरायणाच्या रात्री पतंगाच्या दोरीला तुक्कल बांधून आकाशात सोडण्याची गुजरातची रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. तीही कागद, काड्या आणि उजेड यांचीच वस्तू. आपला कंदील तिच्याच नात्यातला, फक्त तो दाराशी थांबतो. ज्या घरांत अजून कुणाला तो बांधता येतो, त्यांनी यंदा पहिली चौकट नातवंडांच्या हातून बांधून घ्यावी. वाकडी झाली तरी चालेल. कर्ण मोजायला शिकवले की दुसरी सरळ येते.