मुंबई इलाख्यातील विधी-संशोधनाच्या पद्धती : एक ऐतिहासिक अभ्यास (१८२७ ते १९६२)

प्रस्तावना :
विधी महाविद्यालयांत संशोधनपद्धती शिकविताना साधनांची यादी दिली जाते. ती साधने कशी घडली याचा विचार मात्र क्वचितच होतो. ‘कायदा कोठे शोधावा?’ या प्रश्नाचे उत्तर मुंबई इलाख्यात काळानुसार बदलत गेले. त्यातील प्रमुख टप्प्यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. रूढींची चौकशी :
१८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमाने दिवाणी दाव्यांसाठी क्रम ठरवून दिला : प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशने, नंतर त्या प्रदेशाची वहिवाट, ती नसल्यास प्रतिवादीचा कायदा आणि शेवटी न्याय, समता व सद्सद्विवेक. वहिवाटीला ग्रंथोक्त कायद्याच्या आधी स्थान मिळाल्याने तिची नोंद आवश्यक ठरली. आर्थर स्टील यांचा दख्खनमधील हिंदू जातींच्या कायद्याचा व रूढींचा संग्रह त्याच वर्षी छापला गेला. मात्र जातीच्या प्रमुखाने सांगितलेली रूढी म्हणजे जातीतील प्रत्येकाचा प्रत्यक्ष व्यवहार नव्हे, ही अशा चौकशीची मर्यादा होय.

२. शास्त्र्यांची उत्तरे :
न्यायालयांना सल्ला देणाऱ्या शास्त्र्यांची पदे १८६४ मध्ये रद्द झाली. त्यांची पूर्वीची उत्तरे रेमंड वेस्ट व गेओर्ग ब्यूलर यांनी संकलित केली. वारसाविषयक भाग १८६७ मध्ये, तर वाटणीविषयक भाग १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न, उत्तर, आधारवचने व संपादकांचा अभिप्राय अशी त्याची मांडणी होती. शास्त्र्याचे मत जसेच्या तसे न स्वीकारता आधाराशी ताडून पाहण्याची शिस्त येथे दिसते.

३. निवाड्यांचे अहवाल :
१८७५ च्या कायद्याने सरकारी अधिकाराने प्रसिद्ध होणाऱ्या निवाड्यांना विशेष स्थान दिले व १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ निघू लागले. १८९९ मध्ये ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ हे खासगी नियतकालिक सुरू झाले. वकिलाचा शोध आता ग्रंथाऐवजी पूर्वनिर्णयापासून सुरू होऊ लागला.

या बदलाचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पतीच्या अनुमतीशिवाय स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, अशा आशयाचे वसिष्ठाचे वचन सर्वत्र एकच होते. तथापि मिथिला, बंगाल, मद्रास व महाराष्ट्र येथे त्याचे चार निरनिराळे अर्थ लावले गेले. रखमाबाई विरुद्ध राधाबाई (१८६८) या निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाने पतीची परवानगी नसतानाही विधवेचा दत्तक घेण्याचा अधिकार मान्य केला. केवळ वचन वाचणाऱ्या अभ्यासकाला हा अधिकार दिसलाच नसता. निःसंतान विधवेच्या दृष्टीने संशोधनपद्धतीचा प्रश्न हा घर व वतन यांचाच प्रश्न होता.

४. ग्रंथांची चिकित्सा :
विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० मध्ये ‘व्यवहारमयूख’ व ‘याज्ञवल्क्यस्मृती’ यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे वकिली करीत असतानाच पां. वा. काणे ‘व्यवहारमयूखा’च्या संपादनाकडे वळले. त्याच्या प्रस्तावनेच्या कल्पनेतून ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा पाच खंडांचा ग्रंथ (१९३० ते १९६२) उभा राहिला. ग्रंथकाराचा काळ ठरविणे, पाठ तपासणे आणि शास्त्रवचनाबरोबर न्यायालयीन निवाड्यांची दखल घेणे, ही त्यांची पद्धती होय.

निष्कर्ष :
बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी मसुदालेखन व अभिरूप न्यायालय अनिवार्य केले. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ‘ई-एससीआर’वर विनामूल्य उपलब्ध आहेत. साधने सुलभ झाली, परंतु निवाड्याचा केवळ शीर्षसारांश उतरवून घेण्याने संशोधन होत नाही. विद्यार्थ्याने प्रत्येक विधानाबाबत ते रूढी, ग्रंथ, अधिनियम वा निवाडा यांपैकी कशावर आधारलेले आहे आणि ते कोणाच्या साक्षीवरून नोंदले गेले, हे लिहिले पाहिजे. वेस्ट-ब्यूलर यांची चौपदरी मांडणी वर्गातील लेखनासाठी आजही उपयुक्त ठरेल, असे वाटते.