पंधराशे रिपॉझिटरी आणि उरलेली एक प्रत

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून प्रॉडक्शनचं एक टेबल उडालं. रात्रीचे अकरा वाजले होते आणि डिलीटच्या क्वेरीत एक अट लिहायची राहिली होती. पोटात गोळा आला. मग आठवलं, आपला डेटाबेस तीन मशीनवर आहे की! दुसरं मशीन उघडलं, टेबल रिकामं. तिसरं उघडलं, तेही रिकामं. माझी चूक माझ्याआधी तिथे पोचली होती. टीम लीड ओरडला नाही. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "बॅकअप रिस्टोअर करून शेवटचं कधी पाहिलं होतं?" कुणीच पाहिलं नव्हतं. पुढचे तीन दिवस आम्ही लॉगमधून एकेक नोंद परत भरत बसलो.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी केडीईची गोष्ट वाचली आणि जरा हायसं वाटलं. माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी माणसं याच खड्ड्याच्या काठावर उभी राहून आली होती.

केडीईची सुरुवात १९९६ सालची. मॅथियास एट्रिश नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने लिनक्स वापरणाऱ्या साध्या माणसाला नीट डेस्कटॉप मिळावा म्हणून इंटरनेटवर हाक दिली आणि जगभरातून लोक जमले. पगार नाही, ऑफिस नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी मंडळी. १९९७ मध्ये जर्मनीत त्यांची ना-नफा संस्था नोंदवली गेली. ब्राउझर इंजिन, फोटो एडिटर, व्हिडिओ एडिटर असं करत पसारा वाढत गेला आणि २०१३ पर्यंत तो पंधराशेहून अधिक गिट रिपॉझिटरींमध्ये मावेनासा झाला.

गिट म्हणजे लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलेली प्रणाली. तिच्यात प्रत्येक बदलाला त्याच्या मजकुरावरून काढलेला ४० अक्षरी हॅश मिळतो. आतलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो, म्हणजे खाडाखोड लपत नाही. शिवाय क्लोन केला की प्रकल्पाचा सगळा इतिहास तुमच्या लॅपटॉपवर येतो. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्स कर्नलच्याच सर्व्हरवर घुसखोरी झाली आणि ती साइट काही आठवडे बंद राहिली. तेव्हा कर्नलच्या कोडबद्दल लोक तुलनेने निर्धास्त राहू शकले ते या हॅशमुळे आणि हजारो क्लोनमुळे. गिटवर असलं की कोड सुरक्षित, असा समज त्यातून पक्का झाला.

दीड वर्षाने, २२ मार्च २०१३ रोजी, केडीईच्या सर्व्हरवर सिक्युरिटी अपडेट टाकायचे होते. त्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालत होती. ती रीतसर बंद केली, अपडेट टाकले, मशीन पुन्हा सुरू केलं. गिटवालं व्हर्च्युअल मशीन वर आलं ते फाइल सिस्टिम बिघडलेल्या अवस्थेत. कोड सलग राहिला नव्हता. बिघाड त्याच क्षणी झाला, की आधीपासून गुपचूप चालू होता, याचा पक्का छडा लागला नाही. आधीपासून असावा असं सुचवणाऱ्या खुणा मात्र सापडल्या.

हरकत नाही, मिरर आहेत ना? वेगवेगळ्या सर्व्हरवर मुख्य सर्व्हरच्या प्रती होत्या आणि त्या ठरावीक वेळाने स्वतःला ताज्या करून घेत. बॅकअप म्हणून भरवसा त्यांच्यावरच होता.

घात इथेच झाला. कोणकोणत्या रिपॉझिटरी अस्तित्वात आहेत, याची यादी मुख्य सर्व्हर तयार करायचा. मिरर ती यादी वाचायचे आणि यादीत नसलेली रिपॉझिटरी काढून टाकायचे. यादीची फाइलच बिघडली. मिररने आज्ञाधारकपणे रिपॉझिटरी पुसल्या. ज्या उरल्या त्यांतही खराब मजकूर उतरला होता, कारण मिररसाठी वापरली जाणारी क्लोनची पद्धत प्रत्येक वस्तूचा हॅश तपासत बसत नव्हती. तपासणीची आज्ञा गिटमध्ये वेगळी आहे आणि ती कुणीतरी मुद्दाम चालवावी लागते. कुलूप होतं, ते लागलंय का हे कुणी ओढून पाहत नव्हतं.

शोधाशोध केल्यावर एका सर्व्हरवर सगळ्या रिपॉझिटरींची धड प्रत सापडली. तीवरून बाकी सगळं उभं केलं. टीममधल्या जेफ मिचेल यांनी पुढे सगळा प्रकार जाहीरपणे लिहून काढला आणि यात नशिबाचा वाटा किती मोठा होता हेही कबूल केलं. मला या गोष्टीतला सर्वांत मोठा धडा या कबुलीत दिसतो.

कुणी म्हणेल, डेव्हलपरांच्या लॅपटॉपवर कोड होताच. होता. पण पंधराशे रिपॉझिटरींपैकी कुठली कुणाकडे आहे, कुठली प्रत शेवटची, आणि ज्या जुन्या प्रकल्पाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही तो कुणाकडे आहे? शंभर घरांत विखुरलेली पानं म्हणजे पोथी नव्हे. ती जुळवायला कुणीतरी महिनोन्‌महिने बसावं लागतं आणि इथे ते बसणारं माणूस नोकरी सांभाळून रात्री बसणार होतं.

मिरर आणि बॅकअप यांतला फरक इथे समजतो. मिरर आत्ता काय आहे ते दाखवतो. सर्व्हर बंद पडला तर तो कामाला येतो, पण मूळच चुकलं तर चूकही तेवढ्याच इमानाने उतरवतो. बॅकअपला काल काय होतं ते आठवावं लागतं. केडीईने पुढे सुधारणा केल्या त्या याच दिशेने: मूळ सर्व्हर नेहमी बरोबरच असतो हे गृहीतक सोडलं, यादीत अचानक मोठा फरक दिसला तर मिररने ती मानायची नाही असं ठरवलं. यात महागडं काहीच नव्हतं. २०२० मध्ये केडीई स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेल्या गिटलॅबवर गेलं.

एक गोष्ट मला राहून राहून आठवते. केडीईचं मराठी भाषांतरही आहे, तेही असंच कुणीकुणी फावल्या वेळात केलेलं. भाषांतरं गिटमध्ये नव्हती, सबव्हर्जन नावाच्या जुन्या प्रणालीत होती. म्हणजे त्या दिवशी सगळा कोड गेला असता तरी 'फाइल उघडा', 'जतन करा' हे शब्द मागे राहिले असते, ज्या खिडकीवर ते उमटायचे ती खिडकी नसताना.

माझ्या आताच्या टीममध्ये महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही बॅकअप एका रिकाम्या मशीनवर उतरवून पाहतो. काम कंटाळवाणं आहे, त्याचा डेमो देता येत नाही. मागच्या वेळी ते फसलं. मला फार बरं वाटलं, कारण तो नुसता शुक्रवार होता.