पाहण्यासारखे काय?

अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी. येथील 'प्रेक्षणीय स्थळे' पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा डेक्स्टर ॲव्हेन्यूवरच येतो. एका टोकाला कोर्ट स्क्वेअरचे १८८५ सालचे कारंजे, दुसऱ्या टोकाला चढावर राज्याचे कॅपिटॉल. सारे पंधरा मिनिटांत चालून होते. मात्र या रस्त्यावरील स्मारक कोणत्या घटनेचे, याइतकेच ते केव्हा उभे राहिले हेही विचारले पाहिजे.

कॅपिटॉलच्या दर्शनी भागात पितळेचा एक तारा जडवलेला आहे. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी जेफरसन डेव्हिस यांनी येथे फुटीर दाक्षिणात्य राज्यांच्या संघाचे अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. तारा मात्र बसवला गेला १८९७ साली, युद्ध हरल्याला बत्तीस वर्षे झाल्यावर. पुढच्याच वर्षी आवारात त्या संघाच्या सैनिकांचा उंच स्तंभ उभा राहिला आणि १९०१च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपुष्टात आणला. हा क्रम योगायोगाचा वाटत नाही. डेव्हिस यांचे निवासस्थानही मूळ जागेवरून हलवून १९२१ साली कॅपिटॉलसमोर आणले गेले. म्हणजे आज आपण जे 'जतन केलेले' पाहतो, त्यातील बरेचसे मांडलेले आहे. आणि ही मांडणी निष्क्रिय राहिली नाही. जानेवारी १९६३मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस त्याच जागी उभे राहिले आणि वर्णविभाजन कायम राखण्याची ग्वाही त्यांनी तेथूनच दिली.

तेथून हाकेच्या अंतरावर विटांचे एक साधे चर्च आहे. मार्टिन ल्यूथर किंग १९५४ ते १९६० येथे धर्मोपदेशक होते. रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबर १९५५ रोजी बस पकडली ती कोर्ट स्क्वेअरला. त्यांच्या अटकेनंतरचा बसबहिष्कार ३८१ दिवस चालला. परंतु त्याच चौकात एके काळी माणसांचे लिलाव होत. ती आठवण देणाऱ्या खुणा फार उशिरा आल्या. २०१८ साली झुंडबळींचे स्मारक खुले झाले: आठशेहून अधिक पोलादी खांब, प्रत्येक काउंटीचा एक, आणि त्यांवर १८७७ ते १९५० या काळातील बळींची नावे. एकूण संख्या ४,४००हून अधिक. प्रवेश करताना हे खांब समोर उभे असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. माझ्या मते शहरात पाहण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे हेच. चौकातील पार्क्स यांचा पुतळाही २०१९चा.

यात कायद्याचीही एक गाठ आहे. २०१७च्या राज्य कायद्यानुसार चाळीस वा अधिक वर्षे जुनी सार्वजनिक स्मारके हलवता येत नाहीत. वरवर हा कायदा सर्वांना सारखाच. पण चाळीस वर्षांपूर्वी स्मारके उभारण्याची सत्ता सर्वांच्या हाती सारखी नव्हती. २०२१ साली नगरपालिकेने जेफ डेव्हिस ॲव्हेन्यूला पार्क्स यांचे वकील फ्रेड ग्रे यांचे नाव दिले, तेव्हा राज्याने शहराला २५,००० डॉलरचा दंड ठोठावला. ग्रे यांचे बालपण याच रस्त्यावर गेले होते.